राजा रविवर्मा : राजवाड्यातील चित्र आणि घरातील चित्र

प्रास्ताविक

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. गावाजवळच्या घाटात, झाडीने वेढलेल्या खोलगट जागी रामलिंगाचे मंदिर आहे. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो आणि दूरदूरचे लोक तो पाहायला येतात. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने येथेच अडवले, पंख तुटून तो येथेच पडला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढले, अशी या परिसराची श्रद्धा आहे. मंदिराच्या आवारात जटायूची समाधीही दाखवली जाते.

ही कथा ऐकताना जटायू आपल्या डोळ्यांसमोर कसा उभा राहतो, याचा क्षणभर विचार करावा. उंच उगारलेली तलवार, हाताने तोंड झाकून घेतलेली सीता, छाटलेला पंख आणि खाली कलंडणारा प्रचंड पक्षी, असेच दृश्य बहुतेकांना दिसेल. हे दृश्य वाल्मीकींच्या शब्दांतून थेट आपल्यापर्यंत आलेले नाही. ते एका चित्रकाराने घडवले, ते दगडावरून कागदावर छापले गेले आणि घरोघरच्या भिंतींवरून, दिनदर्शिकांवरून आपल्या मनात उतरले. तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा.

प्रस्तुत पाठात त्यांचे चरित्र पाहताना त्यांची काही चित्रे आपण इतरांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहणार आहोत. चित्रांची तुलना म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची स्पर्धा नव्हे. कथेतला कोणता क्षण चित्रकाराने निवडला, पाहणाऱ्याला त्याने कोठे उभे केले आणि चित्र कोणाच्या भिंतीसाठी होते, एवढे विचारले तरी पुष्कळ काही हाती लागते. रविवर्म्यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे; कारण त्यांचे एकच चित्र महाराजांच्या दरबारातही होते आणि किराणा दुकानातही.

किळिमानूर आणि तिरुवनंतपुरम

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. आज हा भाग केरळ राज्यात आहे. किळिमानूरचे घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी विवाहसंबंधांनी जोडलेले होते. रविवर्मा मात्र कोणत्याही गादीवर बसलेले राजे नव्हते. ‘राजा’ ही उपाधी त्यांच्या नावाला पुढे चिकटली. वडील संस्कृताचे व्यासंगी होते, आई उमांबा बाई काव्यरचना करीत. रामायण, महाभारत आणि कालिदास या मुलाच्या कानांवर घरातच पडले. येडशीच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किळिमानूरपासून थोड्याच अंतरावर चडयमंगलम नावाचे गाव आहे आणि जटायू तेथल्या खडकावर पडला, अशी तिकडची श्रद्धा आहे. एकच कथा दोन मुलखांनी आपापल्या डोंगरात रुजवली आहे.

चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामा राजराजवर्मा यांनी दिले. (पुढे ज्या धाकट्या भावाचा उल्लेख येईल त्याचेही नाव राजराजवर्माच होते, वाचताना या दोघांत घोटाळा होऊ देऊ नये.) मामांचा हात तंजावर शैलीत बसलेला होता. मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या या शैलीत देवता बहुधा समोरून दिसते, तिच्या अंगावर सोन्याचा वर्ख आणि काचमणी जडवलेले असतात आणि देवतेवर उजेड पडत नाही, उजेड तिच्यातूनच येतो. चित्रातील देवता भक्ताकडे पाहते. तिला कथेत काही करायचे नसते. रविवर्मा ज्या चित्रपद्धतीतून निघाले ती अशी होती, आणि पुढे त्यांनी नेमके तिच्याच उलट केले.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारात नेले. तेथे त्यांनी युरोपीय पद्धतीची तैलचित्रे प्रथम पाहिली. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे एका छटेतून दुसऱ्या छटेत हळुवार जाता येते, कातडीचा मऊपणा आणि रेशमाची चमक वेगवेगळी दाखवता येते. परंतु हे तंत्र शिकवणार कोण? दरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू यांना ते येत होते. त्यांनी या मुलाला ते सांगण्याचे टाळले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवले नाही. आपण काम करीत असताना पाहण्याची मुभा तेवढी दिली. अशा पाहण्यातून आणि स्वतःच्या चुकांतून रविवर्मा तैलरंग शिकले. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला या शिकण्यातले कष्ट वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कीर्तीचा आरंभ

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत मोगऱ्याचा गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि ते चित्र त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात गेले. पंचविशीतील चित्रकाराला एवढे यश पुरेसे होते. राजघराणी आणि इंग्रज अधिकारी व्यक्तिचित्रांसाठी त्यांना बोलावू लागले. रविवर्मा स्वतः मात्र समुद्र ओलांडून कधीच गेले नाहीत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही त्यांची दहा चित्रे गेली आणि गौरवली गेली, चित्रकार इकडेच राहिला.

व्यक्तिचित्रांवर त्यांचा चरितार्थ उत्तम चालला असता. त्यांचे मन मात्र पुराणकथांकडे ओढ घेत होते. १८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ निवर्तले. नव्या महाराजांशी त्यांचे सूर जुळले नाहीत आणि त्यांनी दरबार सोडला. त्यानंतर धाकटा भाऊ राजराजवर्मा याच्यासह ते जवळजवळ आयुष्यभर हिंडत राहिले. हा भाऊ स्वतः चांगला निसर्गचित्रकार होता. अनेक मोठ्या चित्रांच्या कामात त्याचा हातभार होता, आणि हिशेब, पत्रव्यवहार, गिऱ्हाईक, प्रवास हा सारा व्याप तोच सांभाळी. त्याने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. तीत नाटकांना जाण्याचे उल्लेख आहेत, मोबदल्याचे तपशील आहेत. प्रतिभेच्या दंतकथांपेक्षा ही रोजनिशी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

मराठी वाचकांची रविवर्म्यांशी पहिली भेट बहुधा रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीतून होते. कादंबरी म्हणून तिचे स्थान वेगळे. मात्र चरित्रात्मक कादंबरीला प्रसंग आणि व्यक्ती कल्पण्याची मोकळीक असते, चरित्राला ती नसते. परीक्षेच्या उत्तरात कादंबरीतील प्रसंग चरित्रातील घटना म्हणून लिहिण्याची चूक वारंवार आढळते, म्हणून येथे सावध केले.

शकुंतला : निवडलेला क्षण

रविवर्म्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने थांबलेली शकुंतला. कालिदासाच्या नाटकात हा प्रसंग पहिल्या अंकाच्या शेवटी ओझरताच येतो. शकुंतला दर्भाचा अंकुर रुतल्याचे निमित्त करून थांबली आणि वळली, हे दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो. म्हणजे तेथे ती एक आठवण आहे. रविवर्म्यांनी ती आठवण डोळ्यांपुढे उभी केली. शकुंतलेने एका सखीच्या आधाराने तोल सावरला आहे, पाऊल उचलले आहे, मान मात्र मागे वळली आहे. काटा कोठेच नाही, आणि दुष्यंतही नाही. ती ज्याला पाहते तो चौकटीबाहेर राहिला आहे. चित्राची सारी गंमत या गैरहजेरीत आहे. तिचा हात एका दिशेला, नजर दुसऱ्या दिशेला, आणि या दोहोंच्या विसंगतीतून तिचे मन कळते. समोर उभ्या असलेल्या आपल्याला तिची लबाडी कळते, पण ती पाहत असलेला माणूस दिसत नाही.

येथे मराठी रंगभूमीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. शकुंतला ही त्या काळात पोथीतून बाहेर पडून डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट होत होती. रविवर्म्यांच्या पात्रांचे हातवारे, गटांची रचना, मागचा पडद्यासारखा निसर्ग यांत नाटकाची सावली आहे, आणि टीकाकारांनी पुढे याच नाटकीपणाला दोष दिला. परंतु एका क्षणात संपूर्ण कथा सांगायची तर नाटकाइतका जवळचा गुरू चित्रकाराला दुसरा कोणता असणार?

बडोदे, मुंबई आणि नेसूचा प्रश्न

त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव नंतर बडोद्याचे दिवाण झाले आणि त्यांच्यामुळे रविवर्म्यांचा बडोद्याशी संबंध आला. सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले त्या १८८१ च्या समारंभाच्या सुमारास ते बडोद्यात आले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी रामायण-महाभारतावरील १४ चित्रांचे काम त्यांच्याकडे सोपवले. दोन वर्षांनी ती पूर्ण झाली आणि बडोद्यात व मुंबईत लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा ती पाहायला मोठी गर्दी लोटली. देवादिकांची इतकी जिवंत भासणारी चित्रे लोकांनी पूर्वी पाहिलेली नव्हती.

या कामाआधी एक अडचण उभी राहिली. द्रौपदी, दमयंती, सीता काय नेसतील? केरळातील तेव्हाचा पेहराव उत्तरेत परका वाटला असता, उत्तरेतला घागरा दक्षिणेत. प्राचीन पोशाखाचा काही दाखला मिळावा म्हणून दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानभर फिरले. सर्वांना चालेल असा एक पोशाख त्यांना कोठेच सापडला नाही. अखेर त्यांच्या बहुतेक नायिका साडीत आल्या आणि अनेकींचे नेसणे बडोद्या-मुंबईत त्यांनी रोज पाहिलेल्या मराठी स्त्रियांच्या नेसण्याच्या जवळ गेले. १८९९ च्या हंस-दमयंतीच्या चित्रातील तांबडी साडी पाहा. विदर्भाची ही राजकन्या शिळेवर कोरलेल्या अप्सरेसारखी दिसत नाही; एखाद्या सधन घरची लेक सोप्यात उभी राहावी तशी ती कठड्याशी उभी आहे.

या निर्णयाचे मोल ओळखताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुराणातील स्त्रीला एक ठरावीक वर्ण, ठरावीक नेसू आणि ठरावीक खानदानी डौल मिळाला. श्रमाने रापलेली, सावळी, काटक स्त्री या चित्रांत नायिका म्हणून क्वचितच भेटते. येडशीच्या घाटात राम-सीतेची गाणी गाणाऱ्या बाईला आपली सीता या चित्रात ओळखू येते खरी, परंतु त्या सीतेत ती स्वतः नाही.

छापखाना

बडोद्याच्या चित्रांना झालेली गर्दी पाहूनही शेवटी ती चित्रे राजवाड्यातच जाणार होती. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी पूर्वीच सुचवले होते. रविवर्म्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव भागात स्वतःचा छापखाना काढला. जर्मनीची यंत्रे आली, जर्मन कारागीर आले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथून प्रथम छापून निघाले.

देवदेवतांची रंगीत चित्रे छापणारे ते पहिले नव्हते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली होती आणि तिची रामपंचायतनासारखी चित्रे मराठी घरांत पोहोचलेली होती. चित्रशाळेचे राम-लक्ष्मण ठसठशीत आणि समोर तोंड करून उभे असत, पूजेला सोयीचे. रविवर्म्यांच्या छापील चित्रांत देवता एखाद्या जागी आहे, तिच्यामागे पाणी आहे, आकाश आहे, तिच्यावर एका बाजूने उजेड येतो. देव जणू आपल्याच जगात थोडा वेळ उतरला आहे.

अशी प्रत निघत कशी, हे समजून घेतले म्हणजे मूळ चित्र आणि छापील चित्र यांतील फरक कळतो. शिळाछापाच्या पद्धतीत विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढतात. ओल्या दगडावर छपाईची शाई तेवढ्या तेलकट भागालाच धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड निराळा आणि कागद प्रत्येक दगडाखालून नेमक्या जागी पुन्हा जायला हवा. केसभर सरकला तरी डोळ्याची बाहुली गालावर उतरते. शेवटी वार्निशाचा हात देऊन आणि कॅनव्हासचा पोत उठवून कागदाला तैलचित्राचा भास आणला जाई. अशा छापील चित्राला ओलिओग्राफ म्हणत. मूळ चित्रात ब्रशने एकमेकांत मिसळलेल्या असंख्य छटा छपाईत मोजक्या थरांत बसवाव्या लागत. हे भाषांतर कारागीर करीत, चित्रकार नव्हे. त्यामुळे मूळ चित्रातील अर्धछाया प्रतीत तुटक होते, चेहरा अधिक गोड आणि सपाट होतो.

छापखान्यासाठीच उतरलेल्या चित्रांत लक्ष्मी आणि सरस्वती सर्वांत लोकप्रिय ठरल्या. सरस्वती खडकावर वीणा घेऊन बसली आहे, जवळ मोर आहे; लक्ष्मी कमळावर उभी, मागे हत्ती. दोघी चतुर्भुज आहेत आणि तरीही ते चार हात डोळ्यांना खुपत नाहीत. पुढचे दोन हात सावकाश, माणसासारखे वागतात. मागचे दोन जणू छायेतून येतात. देवत्व आणि माणूसपण यांची ही तडजोड रविवर्म्यांनी इतकी बेमालूम साधली की आज आपल्याला ती तडजोड वाटतच नाही.

व्यवहार मात्र साधला नाही. गिरगावातून छापखाना हलवावा लागला. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि माणसे शहर सोडून गेली. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला नेण्यात आला. भांडवल अडकले, कर्ज वाढले, भावाची रोजनिशी चिंतेने भरू लागली. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि त्याच्याबरोबर अनेक चित्रे छापण्याचे हक्कही गेले. त्यानंतर त्या छापखान्यातून काय निघावे आणि कसे निघावे, हे ठरवणे चित्रकाराच्या हाती राहिले नाही. त्यांची देवीची रूपे पुढे कापडाच्या ताग्यांवर आणि काड्यापेटीवरही आली. स्वतःचे चित्र सर्वांच्या घरी पोहोचवण्याची जिद्द त्यांनी पुरी केली. त्या घरांत पोहोचणाऱ्या चित्रावरची मालकी त्यांनी गमावली.

टीका : लक्ष्मी आणि भारतमाता

रविवर्म्यांच्या अखेरच्या वर्षांतच कलकत्त्याकडे वेगळे वारे वाहू लागले होते. ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांना रविवर्म्यांच्या चित्रांत परक्या तंत्राची नक्कल दिसली. तैलरंग परका, छायाप्रकाश परका, मग त्यात भारतीय काय उरले, असा त्यांचा आक्षेप होता. अवनींद्रनाथ ठाकूरांची १९०५ ची भारतमाता रविवर्म्यांच्या लक्ष्मीशेजारी ठेवली म्हणजे हा वाद स्पष्ट होतो. तीही चतुर्भुज आहे. तिच्या हातांत पोथी, भाताची लोंबी, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र आहे. परंतु जलरंगाच्या धुतलेल्या, विरघळत्या थरांत ती उभी आहे. अंगाला भार नाही, दागिन्यांचा थाट नाही. लक्ष्मी हात लावता येईल अशी आहे, भारतमाता ध्यानात आणावी लागते. पहिलीत वैभव, दुसरीत वैराग्य.

माझ्या मते टीकाकारांचे तंत्राविषयीचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष घाईचा होता. साधन कोठून आले यावरून चित्राचे गोत्र ठरवायचे तर भारतमातेच्या शैलीवरील जपानी संस्कारालाही तोच न्याय लावावा लागेल. शिवाय भारतमाता मोजक्या सुशिक्षितांपुढे आली, लक्ष्मी मात्र तोवर असंख्य घरांत पूजेला बसली होती. ज्या चित्रापुढे लोक रोज दिवा लावतात त्याला परके ठरवणे धाडसाचे आहे. मात्र लोकप्रियता हाच कलेचा पुरावा, असेही कोणी समजू नये.

मुंबईत त्याच काळात महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची कारकीर्द घडत होती. ते मूळचे कोल्हापूरचे. जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे तेथेच मोठ्या पदांवर पोहोचले. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन मराठी गद्याच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. रविवर्म्यांना जे चोरून पाहावे लागले ते धुरंधरांना शाळेत रीतसर शिकायला मिळाले. त्यांनीही पुराणचित्रे केली, पण त्यांचा जीव रमला तो बाजार, लग्नघर, रस्त्यावरची गर्दी यांत. रविवर्म्यांची स्त्री कोणीतरी आपल्याला पाहत आहे हे जाणून उभी असते. धुरंधरांची स्त्री पुष्कळदा आपल्या कामाला निघालेली असते.

जटायूचे चित्र

आता आरंभीच्या चित्राकडे वळू. वाल्मीकींच्या अरण्यकांडात हे युद्ध लांबलचक आहे. जटायू रावणाचे धनुष्य मोडतो, रथ मोडतो. रावण सीतेला घेऊन पुन्हा आकाशात उडतो, जटायू पुन्हा झडप घालतो. तेव्हा रावण सीतेला खाली सोडून त्याच्याशी झुंजतो आणि शेवटी तलवारीने त्याचे पंख व पाय तोडतो. म्हणजे घाव बसतो त्या वेळी सीता रावणाच्या कवेत नाही.

रविवर्म्यांनी हा क्रम बदलला. त्यांच्या चित्रात रावणाने एका हाताने सीतेला धरून ठेवले आहे आणि दुसऱ्या हाताने घाव घातला आहे. अपहरण, झुंज आणि पतन या तीन घटना एका क्षणात दाटल्या आहेत. रथ नाही. रावणाला दहा तोंडे आणि वीस हातही नाहीत. एक तोंड, दोन हात, धिप्पाड देह, भरजरी वेष, असा तो एक उन्मत्त माणूस आहे. राक्षसाला माणूस केल्याने भय कमी होत नाही, उलट ते ओळखीचे होते. सीता बघत नाही, तिने तोंड झाकले आहे. भयानक गोष्ट पाहण्याचे काम तिने आपल्यावर सोपवले आहे. उंचावलेल्या तलवारीपासून निघून रावणाच्या देहावरून खाली तुटलेल्या पंखापर्यंत जाणारी तिरपी रेषा हा या चित्राचा कणा आहे. नजर त्या रेषेवरून घसरते आणि जटायूबरोबर खाली पडते.

वेरूळच्या कैलास मंदिरातही रावण-जटायूची झुंज कोरलेली आहे. तेथे पक्षी रावणाला भिडलेला आहे आणि दोघांचे बळ तोलामोलाचे वाटते. शिल्पकाराने युद्ध दाखवले, चित्रकाराने पराभव. आणखी दूरची तुलना करायची तर फ्लेमिश चित्रकार रूबेन्स याने १६११-१२ च्या सुमारास रंगवलेला शृंखलाबद्ध प्रोमिथ्यूस पाहावा. ग्रीक पुराणातील प्रोमिथ्यूस देवांचा अग्नी माणसांसाठी चोरतो म्हणून त्याला खडकाला जखडतात आणि गरुड त्याचे काळीज फाडतो. त्यातील गरुड फ्रान्स स्नायडर्स याने रंगवला आहे. तेथेही माणूस आणि पक्षी एकमेकांत गुंतलेले आहेत, तीच तिरपी, कोसळणारी रचना आहे. पण तेथे पक्षी वर आहे आणि माणूस खाली, पक्षी छळणारा आहे आणि माणूस सोसणारा. रविवर्म्यांनी रूबेन्सचे हे चित्र पाहिले होते असे सुचवायचे नाही. दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर दिसते ते एवढेच की तशाच मांडणीतून नेमकी उलटी करुणा उभी करता येते. आपल्याकडे पक्ष्याची बाजू माणसाने घ्यावी, अशी ही कथा आहे.

जटायू म्हातारा आहे, हे वाल्मीकी विसरत नाहीत. जिंकणार नाही हे जाणून तो वाटेत उभा राहतो. रविवर्म्यांच्या चित्रात त्याचे वय दिसत नाही, त्याचा निकराचा प्रतिकारही फारसा दिसत नाही. हे मला त्या चित्रातील उणेपण वाटते. रामलिंगाच्या कथेत याच्या पुढचा क्षण येतो : राम घायाळ पक्ष्याजवळ बसतो, त्याला पाणी पाजतो. घाटातल्या लोकांनी जपला तो हा क्षण, आणि समाधी आहे ती याच क्षणाची.

अखेरची वर्षे

१९०४ मध्ये सरकारने रविवर्म्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. मैसूर दरबारासाठी पुराणचित्रांचे मोठे काम त्यांच्या हाती होते. अशात जानेवारी १९०५ मध्ये राजराजवर्मा गेले. ज्या भावाने प्रवास, पैसा, पत्रे आणि अर्धी पार्श्वभूमी सांभाळली तो गेल्यावर रविवर्मा एकाकी झाले. काम त्यांनी थांबवले नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

मळवलीचा छापखाना त्यांच्यामागे पुष्कळ वर्षे चालला. तेथल्या शिळाछापाच्या कामाचा अनुभव घेतलेल्यांत दादासाहेब फाळके होते. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यातले देव आणि ऋषी सहज ओळखले. त्यांची रूपे छापील चित्रांनी आधीच डोळ्यांत बसवली होती. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागून त्यातील पुष्कळसा ठेवा नष्ट झाला.

घरोघरच्या प्रती उरल्या. जुन्या वाड्यांतून आजही कधी एखादी काचेआडची लक्ष्मी निघते आणि तिच्या साडीवर खरी जर, टिकल्या, मणी शिवलेले आढळतात. छापील चित्र विकत आणल्यावर घरातल्या बायका ते असे सजवीत. तैलरंगाची जी छटा शिकण्यासाठी रविवर्म्यांनी जेन्सनच्या मागे उभे राहून दिवस काढले, ती छटा त्यांनी सुईदोऱ्याने झाकून टाकली आणि मामांच्या तंजावरी चित्रांत होता तसा सोन्याचा लखलखाट तिच्यावर पुन्हा चढवला.